अचूक नेमाची रायफल आणि टोळ्यांचा चोरटा शस्त्रव्यापार : मेक्सिकोच्या उदाहरणाचा अभ्यास

१. विषयप्रवेश

मेक्सिकोतील सिनालोआ राज्याची राजधानी कुलिआकान. इ. स. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १७ तारखेस या शहरातील एका घरास लष्कराच्या लहानशा तुकडीने वेढा दिला. अमली पदार्थांच्या व्यापारात कुप्रसिद्ध झालेल्या एका टोळीच्या म्होरक्याचा पुत्र ओविदिओ गुस्मान यास ताब्यात घेण्यासाठी ही तुकडी आली होती आणि काही काळ तो तिच्या ताब्यात होताही. तथापि अल्पावधीतच टोळीचे शेकडो सशस्त्र लोक शहरभर पसरले. रस्ते अडविण्यात आले, वाहने पेटविण्यात आली, तुरुंगातून कैदी पळाले आणि निदान आठ माणसांचा बळी गेला. मालमोटारींवर जड बंदुका चढविलेल्या होत्या. चिलखती गाडीलाही दाद न देणाऱ्या गोळ्या त्यांतून सुटत होत्या. सायंकाळपर्यंत सरकारने बंदिवानास सोडून देण्याचा आदेश दिला. अधिक मनुष्यहानी टळावी म्हणून तो निर्णय घेतल्याचे राष्ट्राध्यक्षांनी पुढे सांगितले.

नागरिकांच्या प्राणरक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता की अयोग्य, हा वादाचा विषय आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकापुढे मात्र त्याहून मूलभूत असा प्रश्न उभा राहतो. आपल्या प्रदेशात बलप्रयोगाचा अधिकार केवळ आपलाच, हे राज्यसंस्थेचे प्रमुख लक्षण मानले जाते. अशा राज्यसंस्थेला आपल्याच एका शहरात, भर दिवसा, एका खाजगी टोळीपुढे माघार का घ्यावी लागली? या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. टोळ्यांचा पैसा, शासनयंत्रणेतील भ्रष्टाचार आणि नियोजनातील ढिसाळपणा ही त्यांपैकी काही होत. परंतु त्यांतील एक उत्तर निव्वळ भौतिक स्वरूपाचे आहे. टोळीच्या हाती असलेली शस्त्रे लष्कराच्या शस्त्रांच्या तोडीची होती. आणि ज्या देशात अशी शस्त्रे विकत घेण्याची नागरिकाला मुळीच मुभा नाही, त्या देशात ती आलेली होती. ती कशी आली, कोणत्या कायद्यांच्या फटींतून आली आणि त्यांपैकी दूर पल्ल्याच्या जड रायफलीला एवढे महत्त्व का प्राप्त झाले, याचा विचार पुढे केला आहे.

२. रायफलीचे स्वरूप व पूर्वेतिहास

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती गती मिळते आणि फिरता भोवरा ज्याप्रमाणे कलंडत नाही, त्याचप्रमाणे ही गोळीही आपली दिशा टिकवून धरते. अचूकतेचे सारे शास्त्र या एका तत्त्वावर उभे आहे. नळीचा कस, काडतुसांचा एकसारखेपणा व दुर्बिणीची जोड ही सर्व त्यानंतरची अंगे होत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मँचेस्टरचा यंत्रविशारद जोसेफ व्हिटवर्थ याने षट्कोनी छिद्राची नळी तयार करून या शास्त्राला नवे वळण दिले. ब्रिटिश लष्कराने घेतलेल्या चाचण्यांत ही रायफल तत्कालीन एन्फील्डपेक्षा पुष्कळच सरस ठरली. परंतु ती महाग असल्याने लष्कराने तिचा सर्रास स्वीकार केला नाही.

या रायफलीचा पुढील इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील बंडखोर राज्यांनी व्हिटवर्थ रायफली इंग्लंडात विकत घेतल्या आणि उत्तरेच्या आरमाराने घातलेली नाकेबंदी चुकवून त्या चोरून आपल्या बंदरांत आणल्या. त्यांची संख्या अल्प होती. त्या निवडक नेमबाजांच्याच हाती दिल्या जात. इ. स. १८६४ च्या मे महिन्यात उत्तरेचा सेनानी जॉन सेजविक हा दूरवरून आलेल्या एका गोळीने ठार झाला. ती गोळी व्हिटवर्थ रायफलीची होती, असे सामान्यतः मानले जाते. संख्येने थोडे, किमतीने भारी, नाकेबंदीला न जुमानता येणारे आणि प्रतिपक्षाच्या नायकालाच गाठणारे शस्त्र, ही अचूक रायफलीची लक्षणे तेव्हापासूनच दिसून येतात.

लपून नेम धरणाऱ्या सैनिकाला इंग्रजीत जे ‘स्नायपर’ हे नाव आहे, त्याचा उगम हिंदुस्थानात झाला, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. ‘स्नाइप’ म्हणजे पाणलावा. दलदलीतून एकाएकी उठून वेडेवाकडे उडणारा हा लहानसा पक्षी टिपणे अतिशय कठीण. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात पाणलाव्याच्या शिकारीसाठी वापरलेला शब्द पुढे माणसाच्या शिकारीला लावण्यात आला.

आजच्या मेक्सिकोत ज्या रायफलीची सर्वाधिक धास्ती आहे, ती मात्र वेगळ्या कुळातील होय. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन शस्त्रशिल्पी जॉन ब्राउनिंग याच्या जड मशीनगनसाठी अर्धा इंच, म्हणजे १२·७ मिलिमीटर, व्यासाचे काडतूस विकसित करण्यात आले. विमाने व हलकी चिलखती वाहने यांविरुद्ध त्याचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा होती. त्याची गोळी सुमारे ४२ ते ४५ ग्रॅम वजनाची असते. नळीतून बाहेर पडताना तिच्या ठायी असलेली ऊर्जा पायदळाच्या ७·६२ मिलिमीटर रायफलीच्या गोळीच्या सुमारे पाचपट भरते. हे काडतूस एका माणसाला खांद्यावरून झाडता येईल, अशी अर्धस्वयंचलित रायफल इ. स. १९८२ मध्ये टेनेसी राज्यातील रॉनी बॅरेट या छायाचित्रकाराने तयार केली. चौदा किलोग्रॅमच्या आसपास वजनाची ही रायफल इ. स. १९८९ मध्ये स्वीडनच्या लष्कराने घेतली आणि पुढे १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन सैन्याने ती वापरली. दीड किलोमीटरहून अधिक अंतरावरील वाहन निकामी करणे, ही तिची मूळ कामगिरी.

या रायफलीच्या चोरट्या निर्यातीचे पहिले ठळक उदाहरण मेक्सिकोचे नाही. इ. स. १९९० नंतरच्या दशकात उत्तर आयर्लंडच्या दक्षिण आर्मा भागात आयरिश प्रजासत्ताक सेनेच्या नेमबाजांनी अमेरिकेतून चोरून आणलेल्या याच जातीच्या रायफलींनी अनेक ब्रिटिश सैनिकांना व पोलिसांना ठार केले. छातीवरील चिलखतही तेथे कामाचे नव्हते. रायफली मोजक्याच होत्या. पण त्यांमुळे त्या भागातील लष्करी गस्तीची सर्व रीत बदलावी लागली.

३. दोन देश, दोन कायदे

मेक्सिकोच्या राज्यघटनेच्या १० व्या अनुच्छेदाने नागरिकाला स्वसंरक्षणार्थ घरात शस्त्र बाळगण्याचा हक्क दिलेला आहे. परंतु १९७२ च्या शस्त्रास्त्रविषयक संघीय कायद्याने तो अत्यंत संकुचित केला. नागरिकांसाठी कायदेशीर विक्रीची दुकाने संपूर्ण देशात केवळ दोन असून ती दोन्ही संरक्षण खात्याच्या ताब्यात आहेत : एक राजधानी मेक्सिको नगरात व दुसरे उत्तरेकडील मोंतेरेईनजीक आपोदाका येथे. अर्जदाराला चारित्र्याचे व नोकरीचे दाखले द्यावे लागतात. त्याची चौकशी होऊन काही महिन्यांनी परवानगी मिळते. आणि तीही लहान व्यासाच्या शस्त्रांसाठी. लष्करी उपयोगाचा व्यास नागरिकाला सर्वस्वी वर्ज्य आहे. कागदावर पाहिले, तर जगातील कडक शस्त्रकायद्यांत या कायद्याची गणना करावी लागेल.

सुमारे ३,१५० किलोमीटर लांबीच्या सीमेपलीकडील स्थिती याच्या नेमकी उलट आहे. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने मशीनगनवर कडक नियंत्रण घातले. १९६८ मध्ये अर्ध्या इंचापेक्षा अधिक व्यासाच्या नळीची शस्त्रे ‘विध्वंसक साधने’ या वर्गात घालण्यात आली आणि त्यांची नोंदणी सक्तीची झाली. ‘अर्ध्या इंचापेक्षा अधिक’ या शब्दांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. बॅरेट रायफलीच्या नळीचा व्यास बरोबर अर्धा इंच मोजला जात असल्याने ती त्या मर्यादेच्या आत राहते आणि कायद्याच्या दृष्टीने तिची गणना हरणाच्या शिकारीला नेण्याच्या रायफलीबरोबर होते. संघीय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांवरील व्यक्ती पूर्ववृत्ताची तपासणी होऊन ती परवानाधारक दुकानातून विकत घेऊ शकते. विशेष म्हणजे पिस्तुलासाठी हीच वयोमर्यादा एकवीस वर्षांची आहे. परवाना नसलेल्या एका खाजगी व्यक्तीने त्याच राज्यातील दुसऱ्या व्यक्तीस शस्त्र विकल्यास संघीय कायद्यानुसार तपासणीचेही बंधन नाही. कॅलिफोर्नियाने मात्र २००४ मध्ये कायदा करून या व्यासाच्या रायफलींच्या विक्रीस बंदी केली. उलटपक्षी टेनेसीच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये बॅरेट रायफलीस राज्याची अधिकृत रायफल म्हणून गौरविले. एकाच संघराज्यातील या दोन टोकांवरून लोकमताची दुभंगलेली अवस्था लक्षात येते.

कायद्यांतील ही तफावत अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाची, तर एका बाजूस मुबलक पुरवठा व खुला भाव, दुसऱ्या बाजूस दाबून ठेवलेली बाजारपेठ आणि पैशाला न मोजणारा ग्राहक, अशी स्थिती होय. अशा दोन बाजारपेठा शेजारी असल्या म्हणजे त्यांच्यामधील सीमा कितीही रुंद आखली, तरी माल पलीकडे झिरपणारच. मद्य, सोने, धान्य या सर्वांच्या चोरट्या व्यापाराचा हाच अनुभव आहे. बंदूक त्यास अपवाद नाही.

४. चोरट्या मार्गाची रचना

चोरट्या शस्त्रव्यापाराची सामान्य कल्पना म्हणजे काळोख्या रात्री बंदरावर उतरणाऱ्या पेट्या. मेक्सिकोच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुतांशी वेगळी आहे. येथील व्यवहाराचा आरंभ दिवसाढवळ्या, प्रकाशित दुकानात, छापील अर्जावर सही करून होतो. सही करणारा मनुष्य गुन्हेगार नसतो. निदान त्याच्या नावावर पूर्वीचा गुन्हा नसतो, आणि म्हणूनच त्याची निवड झालेली असते. शस्त्र आपल्यासाठीच घेत असल्याचे तो अर्जावर लिहून देतो. पैसे मात्र दुसऱ्याचे असतात. जमिनीच्या व्यवहारात ज्याला आपल्याकडे बेनामी म्हणतात, तोच हा प्रकार. या बेनामी खरेदीदाराला थोडीशी दलाली मिळते, आणि शस्त्र पुढील हाती जाते.

त्यानंतरचा प्रवास खाजगी मोटारींतून, एकेका दोनदोन नगांनी होतो. मेक्सिकोत या पद्धतीला ‘मुंग्यांची वाहतूक’ असे मार्मिक नाव आहे. सीमेवरील तपासणीचा सारा भर उत्तरेकडे जाणाऱ्या वाहनांवर असतो, कारण अमेरिकेला चिंता असते ती अमली पदार्थांची व विनापरवाना येणाऱ्या माणसांची. दक्षिणेकडे जाणाऱ्या मोटारींच्या रांगेत थांबवली जाणारी मोटार विरळाच. थेंबे थेंबे तळे साचे, या न्यायाने वर्षाअखेर जो साठा जमतो त्याचा मेक्सिको सरकारचा अंदाज दोन लक्ष शस्त्रांचा आहे. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. चोरट्या व्यापाराची मोजणी स्वभावतःच अशक्य असते.

बेनामी खरेदीला आळा घालण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले नाहीत, असे नाही. २०११ मध्ये टेक्सास, ॲरिझोना, न्यू मेक्सिको व कॅलिफोर्निया या चार सीमावर्ती राज्यांतील विक्रेत्यांवर असे बंधन घालण्यात आले, की एकाच व्यक्तीने कामकाजाच्या पाच दिवसांच्या आत विशिष्ट जातीच्या दोन किंवा अधिक अर्धस्वयंचलित रायफली विकत घेतल्यास ती माहिती संघीय खात्यास कळवावी. तथापि बेनामी खरेदी हा स्वतंत्र संघीय गुन्हा म्हणून कायद्यात यावयास २०२२ चा जून महिना उजाडावा लागला. त्यापूर्वी असे खटले मुख्यतः अर्जावर खोटी माहिती लिहिल्याच्या आरोपाखाली भरले जात, आणि शिक्षाही त्या मानानेच होत. नव्या कायद्याने बेनामी खरेदीस व शस्त्रांच्या चोरट्या व्यापारास पंधरा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली आहे.

५. मागाचा शोध आणि आकड्यांचा अर्थ

जप्त केलेले शस्त्र कोठून आले, हे ठरविण्याची पद्धत सोपी वाटली तरी वेळखाऊ आहे. शस्त्रावरील क्रमांक मेक्सिकोतून अमेरिकेच्या संघीय खात्याकडे पाठविला जातो. पश्चिम व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील मध्यवर्ती कार्यालय कारखानदाराकडे विचारणा करते. कारखानदार घाऊक व्यापाऱ्याचे नाव देतो, तो किरकोळ विक्रेत्याचे, आणि किरकोळ विक्रेता आपल्या दप्तरातील अर्ज शोधून पहिल्या खरेदीदाराचे नाव सांगतो. १९८६ च्या कायद्याने शस्त्रधारकांची राष्ट्रव्यापी नोंदवही ठेवण्यास मनाई केलेली असल्यामुळे हा द्राविडी प्राणायाम प्रत्येक वेळी करावा लागतो. शिवाय साखळी पहिल्या खरेदीदारापाशी संपते. त्याने ते शस्त्र कोणास दिले, हे दप्तर सांगू शकत नाही.

या शोधांतून जे आकडे हाती येतात, त्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. अमेरिकन काँग्रेसला अहवाल देणाऱ्या शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २००९ ते २०१४ या काळात मेक्सिकोत जप्त होऊन माग काढण्यात आलेल्या १,०४,८५० शस्त्रांपैकी ७३,६८४, म्हणजे सुमारे ७० टक्के, शस्त्रे अमेरिकेतून आलेली होती. २०१४ ते २०१८ या काळासाठीही याच कार्यालयाने ७० टक्के हेच प्रमाण दिले. यावर असा आक्षेप घेतला जातो, की मेक्सिकोतील अधिकारी ज्या शस्त्रांवर अमेरिकन खुणा दिसतात तीच प्रामुख्याने शोधासाठी पाठवितात. म्हणून हे प्रमाण सर्व जप्त शस्त्रांना लावता येणार नाही. हा आक्षेप संख्याशास्त्राच्या दृष्टीने ग्राह्य आहे. टोळ्यांकडील हातबाँब अमेरिकन दुकानांतून येत नाहीत. त्यांतील पुष्कळसे मध्य अमेरिकेतील जुन्या युद्धांचे अवशेष होत. जर्मनीच्या बाबतीत तर कायदेशीर निर्यातीचीच वाट वाकडी झाली. मेक्सिकोच्या ज्या राज्यांत पाठविण्यास परवानगी नव्हती, त्या राज्यांतील पोलिसांच्या हाती एका जर्मन कारखान्याच्या रायफली पडल्या. त्याबद्दल २०१९ मध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने दोन माजी कर्मचाऱ्यांना दोषी ठरवून कंपनीकडून ३७ लक्ष युरो वसूल करण्याचा आदेश दिला.

असे असले तरी आक्षेपाने मूळ निष्कर्ष ढळत नाही. प्रमाण ७० टक्के असो वा त्याहून कमी, सहा वर्षांत सत्तर हजारांहून अधिक शस्त्रांचा माग अमेरिकेपर्यंत पोहोचला, ही संख्या निरपेक्ष आहे. याच संदर्भात अरिंद्रजित दुबे, ओयेंद्रिला दुबे व ओमार गार्सिया-पोन्से या तीन संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन उद्बोधक ठरते. लष्करी धर्तीच्या अर्धस्वयंचलित शस्त्रांवरील अमेरिकेची संघीय बंदी २००४ मध्ये संपुष्टात आली. कॅलिफोर्नियाची स्वतःची बंदी मात्र कायम राहिली. म्हणजे सीमेच्या एका भागात कायदा बदलला आणि दुसऱ्या भागात तो पूर्ववत राहिला. या नैसर्गिक प्रयोगाचा लाभ घेऊन त्यांनी दाखवून दिले, की टेक्सास, ॲरिझोना व न्यू मेक्सिको यांच्या सीमाद्वारांजवळील मेक्सिकन नगरपालिकांच्या क्षेत्रांत खुनांचे प्रमाण कॅलिफोर्नियालगतच्या क्षेत्रांपेक्षा अधिक वाढले. इतर सर्व कारणे दोहोंकडे सारखीच होती. फरक होता तो पलीकडच्या दुकानात काय मिळते याचा.

६. जड रायफलीचे वेगळेपण

येथे एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला पाहिजे. मेक्सिकोतील बहुतेक खून पिस्तुलांनी व साध्या रायफलींनी होतात. राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या नोंदींप्रमाणे २००७ मध्ये ८,८६७ असलेली खुनांची संख्या २०१८ पासून २०२३ पर्यंत दरवर्षी तीस हजारांच्या वर राहिली. या प्रचंड संख्येत अर्धा इंची रायफलीने झालेल्या मृत्यूंचा वाटा अल्पच असणार. मग तिची एवढी चर्चा का व्हावी?

याचे उत्तर तिच्या उपयोगाच्या स्वरूपात आहे. टोळीला प्रतिस्पर्धी टोळीच्या माणसास मारावयाचे असेल, तर सहज लपविता येणारे पिस्तूल पुरते. जड रायफलीचे लक्ष्य प्रायः राज्यसंस्था असते. पोलिसांची चिलखती गाडी, लष्कराचे हेलिकॉप्टर, अधिकाऱ्याची संरक्षित मोटार ही राज्याच्या अधिकाराची वाहने होत. आणि नेमकी तीच या रायफलीपुढे असुरक्षित ठरतात. २६ जून २०२० रोजी मेक्सिको नगराचे पोलीसप्रमुख ओमार गार्सिया आरफुच यांच्या मोटारीवर राजधानीच्या एका प्रमुख रस्त्यावर पहाटे हल्ला झाला. हल्लेखोरांकडे अर्धा इंची बॅरेट रायफली होत्या. आरफुच यांना तीन गोळ्या लागूनही ते बचावले. परंतु त्यांचे दोन अंगरक्षक आणि वाटेने जाणारी एक स्त्री प्राणास मुकली. पुढे २०२४ मध्ये आरफुच देशाचे सुरक्षामंत्री झाले.

कुलिआकानच्या प्रकरणाचा उत्तरार्धही हेच सांगतो. ५ जानेवारी २०२३ रोजी लष्कराने ओविदिओ गुस्मान यास पुन्हा पकडले आणि या वेळी सोडले नाही. त्याची किंमत मात्र जबर होती : दहा सैनिक व टोळीचे समजले जाणारे एकोणीस लोक त्या एका दिवसात मारले गेले. टोळीच्या लोकांनी कुलिआकानच्या विमानतळावर गोळीबार केला. उड्डाणाच्या तयारीत असलेल्या प्रवासी विमानास गोळी लागली आणि आतील प्रवाशांना बैठकांखाली वाकून जीव वाचवावा लागला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात गुस्मानला अमेरिकेच्या स्वाधीन करण्यात आले व जुलै २०२५ मध्ये शिकागोच्या न्यायालयात त्याने गुन्ह्यांची कबुली दिली.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे जड शस्त्रांचा खरा परिणाम ध्यानी येतो. एका वॉरंटाची बजावणी करण्यासाठी जेथे युद्धाची तयारी करावी लागते, तेथे कायदा ही नित्याची गोष्ट राहत नाही. तो मोहिमेचा विषय बनतो. सामान्य पोलीस शिपाई, नगरपालिकेचा अधिकारी, साक्षीदार अथवा वार्ताहर यांच्यासाठी राज्य प्रत्येक वेळी मोहीम काढू शकत नाही. त्यांचे मौन हाच या शस्त्रांचा सर्वांत मोठा, पण कोणत्याही आकडेवारीत न येणारा बळी होय.

७. फसलेला उपाय

चोरट्या व्यापाराच्या मुळाशी जाण्याच्या प्रयत्नांतून एक प्रकरण असे घडले, की ज्याचा उल्लेख टाळता येत नाही. २००९ मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स येथील संघीय अधिकाऱ्यांनी ‘फास्ट अँड फ्युरिअस’ या नावाची मोहीम हाती घेतली. क्षुद्र बेनामी खरेदीदारांना पकडण्याऐवजी त्यांच्या मागावर राहून वरच्या सूत्रधारांपर्यंत पोहोचावे, असा तिचा हेतू होता. परिणामी संशयित खरेदीदारांनी घेतलेली सुमारे दोन हजार शस्त्रे वेळीच अडविण्यात आली नाहीत, आणि त्यांतील पुष्कळ शस्त्रांचा माग सुटला. त्यांत अर्धा इंची रायफलीही होत्या. डिसेंबर २०१० मध्ये ॲरिझोनात सीमारक्षक दलाचा एक जवान मारला गेला, तेव्हा घटनास्थळी सापडलेल्या दोन रायफली याच मोहिमेतील खरेदीच्या निघाल्या. जानेवारी २०१६ मध्ये हवाकिन गुस्मान या कुविख्यात म्होरक्यास लोस मोचिस येथे पकडले गेले. त्याच्या लपण्याच्या जागी मिळालेल्या शस्त्रांतील एक अर्धा इंची रायफलही त्याच खरेदीपैकी असल्याचे अमेरिकन न्यायखात्याने मान्य केले.

या अपयशाची कारणमीमांसा खात्याच्या महानिरीक्षकाने २०१२ च्या अहवालात केली आहे. अभ्यासकाने त्यातून घ्यावयाचा बोध असा, की अमली पदार्थ व शस्त्र यांच्या तपासात एक मूलभूत अंतर आहे. अमली पदार्थ वापराने संपतो. शस्त्र वापराने संपत नाही. एकदा हातातून निसटलेली रायफल वीस वर्षेही चालते आणि तिचा प्रत्येक नवा मालक नवा अपराध करू शकतो. म्हणून शस्त्राच्या बाबतीत ‘जाऊ द्या, मग पकडू’ हे धोरण आत्मघातकी ठरते.

८. न्यायालयाचा मार्ग

ऑगस्ट २०२१ मध्ये मेक्सिको सरकारने एक अभूतपूर्व पाऊल उचलले. बोस्टनच्या संघीय न्यायालयात त्याने बॅरेटसह अमेरिकेतील प्रमुख शस्त्रनिर्मात्यांवर व एका घाऊक व्यापाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. आपला माल कोणत्या विक्रेत्यांमार्फत टोळ्यांकडे जातो हे ठाऊक असूनही कारखानदार त्या विक्रेत्यांना माल पुरवीत राहतात, असे वादीचे म्हणणे होते. दाव्याच्या मार्गात २००५ चा अमेरिकन कायदा उभा होता. या कायद्याने तिऱ्हाइताने केलेल्या अपराधाबद्दल शस्त्रनिर्मात्यास जबाबदार धरण्यास मनाई केली आहे. मात्र निर्मात्याने स्वतः जाणूनबुजून कायदा मोडला असल्यास अपवाद ठेवला आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. जानेवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्याचे पुनरुज्जीवन केले. आणि ५ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कारखानदारांच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा, की गैरव्यवहार घडतो याची सर्वसाधारण जाणीव असणे आणि त्या गैरव्यवहारास साहाय्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध होईल, असे विशिष्ट आरोप दाव्यात आढळत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने ॲरिझोनातील पाच विक्रेत्यांविरुद्ध वेगळा दावा केला होता. त्यामागील दृष्टी अधिक मर्यादित, पण कदाचित अधिक व्यवहार्य होती, कारण तीत जबाबदारीचा प्रश्न प्रत्यक्ष विक्रीच्या जागी विचारलेला होता.

आंतरराष्ट्रीय करारांची अवस्था याहून आशादायक नाही. शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध अमेरिका खंडातील राष्ट्रांनी १९९७ मध्ये केलेल्या करारावर अमेरिकेने सही केली, परंतु तिच्या सिनेटने त्यास अनुमती दिली नाही. दोन देशांच्या सहकार्याच्या ज्या योजना पुढे झाल्या, त्या सद्भावनेवर अवलंबून राहिल्या. बंधनकारक नियम त्यांतून निर्माण झाला नाही.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की कडक कायदा हा शेजाऱ्याच्या कायद्याइतकाच कडक असतो. मेक्सिकोने दोन दुकानांपुरती बांधलेली शस्त्रविक्री सीमेपलीकडील हजारो दुकानांनी निष्फळ केली. हीच गोष्ट हैतीच्याही बाबतीत दिसून येते. त्या देशात बंदुकीचा एकही कारखाना नाही. तरीही २०२२ मध्ये फ्लोरिडातील अमेरिकन अधिकाऱ्यांना हैतीकडे चोरून पाठविल्या जाणाऱ्या मालात अर्धा इंची रायफली आढळल्या.

दुसरा निष्कर्ष असा, की शस्त्रांचा विचार केवळ संख्येने करून भागत नाही. त्यांची जातही पाहिली पाहिजे. शंभर पिस्तुले एका वस्तीत भय निर्माण करतील. दहा जड रायफली एका राज्यसंस्थेला वाटाघाटीस भाग पाडू शकतील. नियंत्रण घालावयाचे, तर ते प्रथम अशा शस्त्रांवर घालणे युक्त ठरते. ती थोडी व महाग असल्याने त्यांवर लक्ष ठेवणेही तुलनेने सोपे आहे. अर्ध्या इंचाच्या मर्यादेतील एका शब्दाचा फरक येथे निर्णायक ठरू शकेल. तिसरे, मेक्सिकोची स्वतःची जबाबदारीही यातून सुटत नाही. शस्त्रे सीमेवरून आत येतात ती मेक्सिकोच्याच सीमाशुल्क चौक्यांसमोरून. आणि ती खरेदी करणारा पैसा व ती झाकणारा भ्रष्टाचार त्याच भूमीत आहे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये सिउदाद हुआरेस येथे, अमेरिकेकडे तोंड करून, एक प्रचंड फलक उभारण्यात आला होता. जप्त केलेली शस्त्रे चिरडून त्यांच्या सुमारे तीन टन लोखंडातून त्याची अक्षरे घडविली होती, आणि ती इंग्रजीत होती. अर्थ एवढाच, की आणखी शस्त्रे नकोत. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी अनावरण केलेला तो फलक पुढे काही वर्षांनी काढण्यात आला. परंतु ज्या भाषेत तो लिहिला होता, त्या भाषेच्या निवडीतच या प्रश्नाचे मर्म सामावलेले आहे : ज्याच्या घरात आग लागली आहे त्याला पाणी मागावयाचे आहे, आणि ते शेजाऱ्याच्या विहिरीचे आहे.